वर्दीतल्या माणसांवर संशोधन करायचं असेल तर

सैनिक, पोलीस, अग्निशामक, बचावपथकं यांना मिळून टॅक्टिकल पेशे म्हणतात. या लोकांची तंदुरुस्ती, दुखापती आणि ताण यांवर काम करायला येणारे बहुतेक जण क्रीडाविज्ञान किंवा फिजिओथेरपी शिकून आलेले असतात. मीही फिजिओथेरपीतूनच आलो. खेळाडूंवर जे लागू पडतं तेच इथेही पडेल, असं आपण धरून चालतो, आणि पहिल्या काही महिन्यांतच ते डळमळायला लागतं. खेळाडूला मोसम असतो, सामन्याची तारीख आधी ठाऊक असते. अग्निशामकाला झोपेतून उठून अंगावर वीसेक किलोचा जामानिमा चढवून जिने चढायचे असतात, तेही वॉर्मअपशिवाय.

नवीन कुणी आलं की मी अमेरिकेतल्या अग्निशामकांवरचा 2007 सालचा एक अभ्यास वाचायला देतो. त्यात 1994 ते 2004 या काळात कर्तव्यावर झालेल्या मृत्यूंची छाननी आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात या लोकांच्या कामाचा 1 ते 5 टक्के वेळ जातो. हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी मात्र 32 टक्के त्याच वेळात झाले होते. नुसते मृत्यू मोजले असते तर हे दिसलंच नसतं. त्यांना कामाच्या तासांनी भागलं, तेव्हा धोका कुठे आहे ते कळलं. या क्षेत्रातलं अर्धं शहाणपण या भागाकारात आहे, असं माझं मत आहे.

भागाकारातल्या अंशाची, म्हणजे वरच्या आकड्याची, गोष्टही सोपी नाही. दुखापत कशाला म्हणायचं? डॉक्टरकडे गेला तर? एक दिवस ड्युटी चुकली तर? की नुसतं दुखतंय म्हणाला तरी? प्रत्येक व्याख्येने आकडा बदलतो, म्हणून दोन शोधनिबंधांतले दर शेजारी ठेवण्याआधी दोघांची व्याख्या वाचा. शिवाय प्रशिक्षणातला रिक्रूट दुखणं लपवतो. सांगितलं तर बॅच पुढे जाते आणि तो मागे राहतो. दवाखान्याच्या नोंदी खऱ्या असतात, पण पुऱ्या नसतात. आणि जे जायबंदी होऊन बाहेर पडले, ते प्रशिक्षणाच्या शेवटच्या चाचणीला हजरच नसतात. उरलेल्यांची सरासरी सुधारलेली दिसते आणि प्रशिक्षण उत्तम झालं म्हणून सगळे खूश होतात. गळालेल्यांची यादी आधी मागा.

वाचन जुन्यापासून सुरू केलंत तर बरं. लांब कूच केल्यावर सैनिकांचे पाय सुजतात, हे ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने 1855 मध्येच लिहून ठेवलं होतं, क्ष-किरणांच्या चाळीस वर्षं आधी. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर. मग व्हॅन मेखेलन आणि सहकाऱ्यांची 1992 ची चार पायऱ्यांची मांडणी वाचा: दुखापतींचं प्रमाण मोजा, कारणं शोधा, उपाय करा, पुन्हा मोजा. चौथी पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती गाळली नाही म्हणूनच काही आवडत्या समजुती पडल्या. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या 1538 रिक्रूटवर झालेल्या चाचणीत व्यायामाआधीच्या स्ट्रेचिंगने दुखापती लक्षणीय कमी झाल्या नाहीत (2000). पायाच्या कमानीचा आकार पाहून बूट वाटण्याचंही अमेरिकी लष्करात तेच झालं. उलट धावण्याचे किलोमीटर कमी केल्याने दुखापती घटतात आणि दमसास फारसा ढळत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तसंच, प्रशिक्षणात स्त्रियांना दुखापती जास्त होतात, पण सुरुवातीचा दमसास हिशेबात घेतला की हा फरक बराचसा विरतो.

बातमीत आलेले अभ्यास मुळातून वाचायची सवय लावा. 2019 मध्ये एक अभ्यास गाजला: चाळीसहून जास्त पुशअप काढणाऱ्या अग्निशामकांना पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका दहापेक्षा कमी काढणाऱ्यांच्या तुलनेत 96 टक्के कमी. अभ्यासात 1104 जण होते, सगळे पुरुष, आणि दहा वर्षांत हृदयविकाराच्या घटना झाल्या 37. अभ्यास वाईट नाही. पण पुशअपमुळे हृदय वाचतं, असं तो म्हणतच नाही.

ताणाच्या मोजमापात नवखे जास्त अडखळतात. कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि मग दिवसभर उतरतं. रात्रपाळीवाल्याच्या लाळेचा नमुना ‘सकाळी आठला’ घेतला तर तुम्ही नेमकं काय मोजलं? घड्याळाऐवजी उठल्याची वेळ लिहून घ्या. प्रश्नावलीत ‘ताण आहे का’ असं विचारलंत तर वर्दीतला माणूस ‘नाही’ वर खूण करून मोकळा होतो. झोप किती लागली, घरी चिडचिड होते का, हे विचारलं तर बोलतो. आठवणीवरही फार विसंबू नका. शत्रूच्या कैदेत तग धरण्याच्या खडतर (सर्व्हायव्हल) प्रशिक्षणातल्या पाचशेहून अधिक अमेरिकी सैनिकांवरचा 2004 चा अभ्यास आहे. कठोर चौकशी करणाऱ्याचा चेहरा नंतर ओळखणं त्यांना सौम्य चौकशी करणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा कठीण गेलं होतं.

संमतीपत्राच्या वेळी अधिकाऱ्याला खोलीबाहेर थांबायची विनंती करा. तो दारात उभा असेल तर सही स्वेच्छेची राहत नाही. कुणाचे वैयक्तिक आकडे वरिष्ठांकडे जाणार नाहीत, फक्त गटाचे जातील, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या. नंतर मागणी येतेच, आणि तेव्हा कागद उपयोगी पडतो. परवानग्यांना वेळ लागतो. प्रबंधाचं वेळापत्रक आखताना हा वेळ धरा, आणि दुय्यम डेटावरचं, म्हणजे आधीच गोळा झालेल्या माहितीवरचं, एखादं काम हाताशी ठेवा.

संख्याशास्त्रात निदान पुआसाँ रिग्रेशन (ठरावीक काळात घटना किती वेळा घडल्या याचा हिशेब) आणि सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (घटना घडेपर्यंत किती वेळ गेला याचा हिशेब) यायला हवं, दोन सरासरींची तुलना करणाऱ्या नुसत्या टी-टेस्टवर इथे भागत नाही. नोकऱ्या लष्करी संशोधन संस्थांत असतात (मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकची अमेरिकी लष्कराची संस्था 1961 पासून आहे), तशा विद्यापीठांतही. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात यासाठी स्वतंत्र युनिट आहे. मैदानावर थेट प्रशिक्षण द्यायचं असेल तर अमेरिकेच्या एनएससीए या व्यायाम-प्रशिक्षकांच्या संघटनेचं टीएसएसी-एफ हे टॅक्टिकल पेशांसाठीचं प्रमाणपत्र आहे. संशोधनच करायचं असेल तर त्याची घाई नको.

आणि एकदा तरी तो जामानिमा अंगावर चढवून पाहा, बूट, हेल्मेट, सिलिंडर, सगळं. त्यानंतर प्रश्नावलीतले दोन-तीन प्रश्न तुम्ही स्वतःच खोडाल.