टर्मिनलवरून एका मेलमधे चार-पाच फायली पाठवताय? मग या चुका टाळा

सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. हळदीचा सीझन लागला की रोज संध्याकाळी बिलं आणि वजनाच्या पावत्या पीडीएफ होतात आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मेलने जातात, एकेकाला सहा-सात फायली. आधी दुकानातला पोरगा बसून एकेक अटॅच करायचा, त्याचा जीव जायचा, म्हणून मी लिनक्सवर स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांड ओळीनं लिहिलेली फाईल) लिहिली आणि पुढचे पंधरा दिवस माझा जीव गेला. रोज कुणाचातरी फोन, "ओ, मेल आलाय पण आत काहीच नाही की."

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो डॅश ए नं, म्हणजे मेल कमांडपुढं लिहायच्या एका ऑप्शननं. नेटवरनं मेल कमांडची ओळ उचलली, चिकटवली, मेल गेला आणि फाईल नाही. भानगड अशी की मेल नावाची कमांड एक नाहीये, नाव तेच पण आतला प्रोग्राम वेगळा. उबुंटूवर जीएनयू मेलयुटिल्स टाकलं असेल तर छोटा ए म्हणजे हेडर (मेलच्या डोक्यावरच्या माहितीची ओळ) जोडणं, फाईलसाठी कॅपिटल ए लागतो. सेंटओएसच्या जुन्या मेलएक्समधे मात्र छोटा ए म्हणजेच अटॅचमेंट. आणि डेबियनचं बीएसडी मेलएक्स असेल तर त्यात छोटा ए हेडरचाच, फाईल जोडायची सोयच नाही, कितीही डोकं आपटा. त्यामुळं आधी मॅन मेल (मेल कमांडची माहिती दाखवणारी कमांड) टाकून आपल्या मशीनवर कोण बसलंय ते बघा, मगच कॉपी-पेस्ट करा. आणि एक, मेलयुटिल्स काय आणि सेंटओएसचं मेलएक्स काय, प्रत्येक फाईलच्या आधी तो ऑप्शन परत द्यावा लागतो, एकदा देऊन पुढं पाच नावं लिहिली तर ती नावं पत्ते समजली जातात.

या वैतागानं मी मट या दुसऱ्या मेल प्रोग्रामवर गेलो. त्यात एकदा डॅश ए दिलं की पुढं हव्या तेवढ्या फायली, पण यादी संपल्यावर दोन डॅश द्यायचे आणि मग पत्ता. अशी काहीशी ओळ (इथं उच्चार लिहिलाय, टाकताना इंग्रजीतच टाका):

मट -एस "आजची बिलं" -ए एक.पीडीएफ दोन.पीडीएफ -- पत्ता < मजकूर.टीएक्सटी

ते दोन डॅश विसरलात की मट ईमेल पत्त्यालाच फाईल समजतं आणि जोडता येत नाही म्हणून रडत बसतं. विषय वगैरे बाकीचे ऑप्शन आधी, डॅश ए सगळ्यात शेवटी. आणि मजकूर नसेल तर त्या फाईलच्या जागी स्लॅश डेव्ह स्लॅश नल (लिनक्सची कायम रिकामी फाईल) द्या, नाहीतर मट आपली स्क्रीन उघडायला बघतं, आणि रात्री क्रॉनमधे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) ती स्क्रीन कोण बघणार?

जुन्या माणसांच्या स्क्रिप्टमधे यूयूएन्कोड दिसतं, फाईलची साधी अक्षरं करणारी कमांड. ते १९८० चं आहे, माईम (मेलला फाईल जोडायची आजची पद्धत) आलं १९९२ ला. यूयूएन्कोडनं पाठवलेली फाईल मेलच्या मजकुरातच जाते, त्यामुळं आजच्या बऱ्याच मेल ॲपमधे समोरच्याला "बिगिन ६४४" आणि खाली पानभर कचरा दिसतो. मी एकदा पाठवलं तर एक व्यापारी विचारतोय, ही कुठली भाषा. वापरायचंच असेल तर फाईलचं नाव दोनदा द्या, दुसरं नाव समोरच्याला दिसतं. एकदाच दिलं तर ते कीबोर्डवरनं काहीतरी येईल म्हणून वाट बघत थांबतं.

फाईलच्या नावात स्पेस. "राजापुरी लॉट १२.पीडीएफ" हे शेलला (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला) तीन वेगळी नावं वाटतात, त्यामुळं अवतरण चिन्हं घाला आणि स्क्रिप्टमधे यादी ॲरेमधे (एकेक नाव वेगळं राहतं अशा यादीत) ठेवा. स्टार डॉट पीडीएफ लिहिताय आणि त्या दिवशी फाईलच नसली तर बॅश (नेहमीचा शेल) तो स्टारच तसाच पुढं ढकलतं, बॅशचा नलग्लॉब हा ऑप्शन चालू करून घ्या.

साईज. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमधे फाईल बेस६४ (साध्या अक्षरांच्या रूपात) होऊन जाते, ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे खऱ्या फायली १८ एमबीच्या आसपासच बसतात. स्कॅन केलेल्या पीडीएफ झिप करून फारसं काही कमी होत नाही, दोन मेल करा सरळ.

आता क्रॉन. हातानं चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधे नाही, हे रडगाणं सगळ्यांचंच. माझ्याकडं कारण निघालं टक्क्याचं चिन्ह! तारखेसाठी डेट कमांडला टक्के लागतं आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्के म्हणजे नवी ओळ, कमांड मधेच तुटते. आधी उलटा स्लॅश द्या, किंवा सगळं स्क्रिप्टमधे घालून क्रॉनला फक्त तिचा पूर्ण पाथ द्या. आतल्या फायलींचेपण पूर्ण पाथ, कारण क्रॉनला तुमचं फोल्डर माहीत नसतं.

मजकुराची टेक्स्ट फाईल विंडोजवर बनवली असेल तर तिच्यात ओळीच्या शेवटी सीआर हे न दिसणारं चिन्ह राहतं, मग जुनं मेलएक्स तो मजकूरच अटॅचमेंट करून टाकतं. ते काढायला डॉसटूयुनिक्स कमांड फिरवा, झालं.

आणि कमांड काही न बोलता परत आली म्हणून मेल गेला असं धरू नका, ती फक्त रांगेत टाकून मोकळी झालेली असते. मेलक्यू (ती रांग दाखवणारी कमांड) बघा, लॉग बघा, डेबियनकडं व्हार-लॉगमधे मेल.लॉग, रेडहॅटकडं मेललॉग. घरगुती इंटरनेटवर मेल जायचा २५ नंबरचा पोर्ट बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम लावून ५८७ वरनं जीमेलमार्फत पाठवा. त्याला साधा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो ज्या सेटिंग फाईलमधे आहे तिची परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, नाहीतर एमएसएमटीपी चालायलाच नकार देतं, आणि बरोबरच आहे त्याचं.

हल्ली मी स्क्रिप्टमधे फायली मोजून आकडा विषयातच टाकतो, "बिलं ७" असा. एखादी कमी गेली तर आता व्यापारीच फोन करून सांगतो, सहाच आल्यात.