रडार प्रतिमेचा ऑटोफोकस: या चुका टाळा

ड्रोनवरून घेतलेल्या रडार प्रतिमेत विजेचे खांब आणि पत्र्याची छपरं उड्डाणाच्या दिशेने फराटलेली दिसली, की आमचे विद्यार्थी लगेच ऑटोफोकस लावतात, म्हणजे प्रतिमेवरूनच फेजची (लहरीच्या आवर्तनातल्या स्थितीची) चूक शोधून ती दुरुस्त करतात. थांबा, आधी ड्रोन किती हलला ते पाहा. एक्स बँड या रडार लहरींच्या पट्ट्याची तरंगलांबी साधारण ३ सेंटिमीटर. लहर जाऊन परत येते, म्हणून ड्रोन लक्ष्याच्या दिशेने १ सेंटिमीटर सरकला तरी फेज २४० अंशांनी चुकते. निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाच्या एल बँडमध्ये (तरंगलांबी २४ सेंटिमीटर) तेवढ्याच सरकण्याची चूक ३० अंशांची, शिवाय त्याच्या कक्षेत हेलकावे नाहीत. सिंहगडाच्या पायथ्याशी वाऱ्यात उडणाऱ्या ड्रोनला ती चैन नाही. तेव्हा जीपीएस आणि आयएमयू (हालचाल मोजणारा संवेदक) यांच्या नोंदींवरून मार्ग आधी दुरुस्त करा. जीपीएसचा अँटेना आणि रडारचा अँटेना यांतलं अंतर त्यात धरलंय ना, तेही तपासा. लक्ष्य एका रेंज खणातून (रडारपासूनच्या अंतराच्या एका कप्प्यातून) शेजारच्या खणात घसरलं असेल, तर नुसती फेज दुरुस्त करून भागत नाही.

सगळ्यात जास्त गडबड खिडकीची होते. फेज ग्रेडियंट ही ऑटोफोकसची पद्धत प्रत्येक रेंज ओळीतला (रडारपासून सारख्याच अंतरावरच्या ठिपक्यांच्या ओळीतला) सर्वांत तेजस्वी ठिपका मध्यावर आणते, त्याच्याभोवतीचा पट्टा, म्हणजे खिडकी, कापून घेते, सगळ्या ओळी मिळून फेजच्या चुकीचा उतार (ती किती वेगाने बदलते ते) काढते, त्याची बेरीज करून मिळालेली चूक प्रतिमेच्या फेजमधून वजा करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खिडकी सुरुवातीलाच अरुंद ठेवली, तर ठिपक्याचा फराटाच कापला जातो. मग पहिल्या फेरीत प्रतिमा जराशी सुधारते आणि तिथेच अडते. हे लक्षण दिसलं की खिडकी रुंद करून पुन्हा चालवा आणि फेरीगणिक आवळत न्या. शेवटपर्यंत रुंदच ठेवली, तर शेजारची छपरं आत शिरतात.

तेजस्वी ठिपका स्थिर आहे ना? सिंहगड रस्त्यावरचा धावता ट्रक स्वतःच्या गतीची फेज घेऊन येतो. त्याच्यावर फोकस जुळवला तर ट्रक रेखीव दिसेल आणि जमीन विस्कटेल. खडकवासल्याचं संथ पाणी लहर दुसरीकडेच परतवतं, त्या ओळींत नुसता गोंगाट उरतो. दोन्ही प्रकारच्या ओळी वगळा.

फेजमधला सरळ रेषेचा भाग काढून टाकायला विसरू नका. त्याने प्रतिमा अस्पष्ट होत नाही, सरकते, म्हणून चूक डोळ्याला दिसत नाही. दोन उड्डाणं एकमेकांवर ठेवली की घोळ कळतो. आणि फक्त तीव्रतेची प्रतिमा जपली असेल तर विषयच संपला, फेज परत मिळत नाही.

कॉन्ट्रास्टचा आकडा वाढला म्हणजे फोकस जमला, असं मी तरी मानत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ॲल्युमिनियमचा पत्रा आणा, तीन पाती अचूक काटकोनात जोडा आणि तो कॉर्नर रिफ्लेक्टर (लहर आली त्याच दिशेने परतवणारा कोपरा) शेतात ठेवा. प्रतिमेत त्याचा ठिपका मोठा करून बघा. मधला उंचवटा रुंद असेल तर फेजमध्ये वर्गाची (वेळेच्या वर्गाप्रमाणे बदलणारी) चूक उरली आहे. एकाच बाजूच्या लाटा उंच असतील तर घनाची. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खोटे ठिपके दिसले, तर मोटरच्या कंपनाचा संशय घ्या आणि कोडला हात लावण्याआधी रडारच्या माउंटचे स्क्रू आणि रबर तपासा.