भूकंप आणि सुनामीची तयारी, आपल्या वन-बीएचकेच्या हिशोबाने

मुंबईत कुठे येतो भूकंप असं म्हणणाऱ्यांनी 2002 चा सरकारी नकाशा बघा, त्यात आपण झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहोत आणि कोयना इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. तर पहिलं काम म्हणजे स्टूल घ्या आणि माळ्यावर काय काय कोंबलंय ते बघा. पितळेची पातेली, बंद पडलेला मिक्सर, गणपतीचं मखर, आणि बरोब्बर खाली आपली झोपायची जागा! जड सगळं खाली आणा, लोखंडी कपाट अँगल मारून भिंतीला फिक्स करा, पलंगाखाली चपला आणि टॉर्च ठेवा कारण लाइट गेल्यावर अनवाणी पाय पहिला काचेवरच पडतो.

किल्लारीचा भूकंप 6.2 च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशोबात काही फार मोठा नाही, तरी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसं गेली, कारण विसर्जन उरकून लोक गाढ झोपलेले आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरची जड माळवदं सगळी अंगावर आली. माणूस मारते ती इमारत. म्हणून बिल्डिंग तिशी ओलांडलेली असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्ट्रक्चरल ऑडिट काढाच, पार्किंगचं भांडण नंतर. खाली गाळ्यासाठी कोणी पिलर तासला असेल तर तेही बोला, वाईटपणा आला तरी चालेल. भरावाच्या जागेवर राहणाऱ्यांनी तर जास्तच, मऊ जमिनीत हादरा वाढतो.

हलायला लागलं की जिन्याकडे पळायचं नाही, लिफ्ट तर नाहीच. टेबलाखाली घुसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. आधी येते ती पी लहर हलकी, खरा झटका एस लहरीचा. कोयनेतून आला तर दोघींमध्ये वीस-पंचवीस सेकंद मिळतात, पण केंद्र जवळ असेल तर तेवढेही नाही. थांबल्यावर गॅसचा व्हॉल्व्ह बंद, मेन स्विच बंद, मग खाली.

सुनामीचं वेगळं, तिथे बहुतेक वेळ मिळतो. 28 नोव्हेंबर 1945 ला पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ मकरानच्या समुद्रात 8.1 चा भूकंप झाला, लाट काही तासांनी मुंबईत पोचली आणि इथेही माणसं वाहून गेली. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रावर नजर ठेवणाऱ्या सरकारी केंद्रातून इशारा येतो. तो आला की गाडी काढू नका, एसव्ही रोडला नुसत्या पावसात काय होतं माहितीये ना? जवळच्या मजबूत आरसीसी बिल्डिंगच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर चढा, कुठल्या ते आत्ताच घरच्यांशी ठरवा, आजींना कोण वर नेणार तेही. चौपाटीचं पाणी अचानक आत ओढलं गेलं तर व्हिडिओ काढत बसू नका, पळा. पहिली लाट गेली म्हणून खाली उतरायचं नाही, मागची मोठी असू शकते, तासन्‌तास येत राहतात. बीपी-शुगरच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक आणि कागदांच्या झेरॉक्स एका सॅकमध्ये दाराजवळ. महापालिकेचा 1916 आणि इमर्जन्सीचा 112 फ्रिजवर लिहून लावा, आणि नेटवर्क जाम असेल तेव्हा फोन नाही, एसएमएस करा.