तळटीप उसनी घेऊ नका

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "हे जोतीरावांचे शब्द, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी ते कोणत्या भाषेत लिहिले होते?" मी म्हटलं, "मराठीत." पुढची वीस मिनिटं मला अजून आठवतात. नव्याने प्रबंधाला बसलेल्यांनी तरी तिथे अडकू नये, म्हणून हे लिहिते आहे.

माझं प्रकरण महात्मा फुल्यांच्या युक्तिवादावर होतं. मांडणी अशी होती: १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात ते 'शेतकरी' म्हणतात आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात 'शूद्र' म्हणतात. म्हणजे सरकारपुढे धंद्याचा शब्द आणि आपल्या माणसांपुढे वर्णाचा. समोर कोण आहे ते पाहून ते शब्द बदलतात. माझ्या गाइडना हे आवडलं होतं, मलाही. पंधरा पानं त्यावर उभी होती.

पण ते निवेदन इंग्रजीत आहे. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं, पुण्याहून दिलेलं. मी वाचला होता तो एका अभ्यासकाच्या पुस्तकातला मराठी उतारा. त्यांनी खाली तळटीपेत आयोगाच्या साक्षीपुराव्यांचा खंड दिला होता. मी उतारा घेतला आणि तळटीपही जशीच्या तशी उचलली. ज्या खंडाला मी कधी हात लावला नव्हता, तो माझ्या संदर्भसूचीत जाऊन बसला. 'शेतकरी' हा शब्द भाषांतरकाराचा होता. मुळात तिथे 'ryot', म्हणजे 'रयत' आहे.

हे नीट समजून घ्या, कारण ही चूक बाहेरून चूक वाटतच नाही. अवतरणचिन्हं होती, पृष्ठक्रमांक होता, पुस्तक खरं होतं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनेही काही म्हटलं नाही. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, म्हणून सगळे त्या आकड्याच्या मागे लागतात. पण तो आकडा फक्त शब्दांचा सारखेपणा सांगतो. तुम्ही दिलेला ग्रंथ उघडला होता की नाही, हे त्याला कळत नाही. वाक्यं फिरवून टक्केवारी खाली आणून देणारे लोक हल्ली विद्यापीठांच्या आसपास भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका, मी अगदी कळकळीने सांगते. वाक्य फिरवलं की अर्थही सरकतो, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

मग मूळ मिळालंच नाही तर? तर तसं लिहा. मूळ कृतीचं नाव, पुढे 'उद्धृत' आणि ज्या पुस्तकात तुम्ही ते वाचलं त्याचं नाव व पृष्ठ. यात कमीपणा नाही. मला आधी वाटायचं, 'उद्धृत' लिहिलं की अभ्यास कमी दिसतो. उलट आहे. आपण कुठे उभं राहून बोलतोय, हे त्यातून वाचणाऱ्याला कळतं. मात्र ज्या अवतरणातल्या एकेका शब्दावर तुमचा मुद्दा टेकलेला आहे, तिथे 'उद्धृत'वर थांबू नका. तिथे मूळ पान पाहावंच लागतं, आणि मूळ भाषा कोणती तेही. 'गुलामगिरी' (१८७३) हे मराठी पुस्तक, पण त्याला इंग्रजी प्रस्तावनाही आहे. तिचं मराठी भाषांतर फुल्यांचं मराठी म्हणून उद्धृत केलं, तर माझीच चूक पुन्हा घडेल.

आता दिलासा. मी मूळ निवेदन काढून वाचलं आणि माझं प्रकरण बुडालं नाही. 'रयत' हा तर महसुलाच्या कागदातला शब्द. साम्राज्याचं बहुतेक उत्पन्न रयतेच्या श्रमातून, तिच्या घामातून येतं, असं फुले तिथे मांडतात आणि मग विचारतात की तो पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का जातो. सरकारला ते सरकारच्याच हिशेबाच्या भाषेत पकडतात. माझा जुना मुद्दा यापुढे फिका होता. तो चुकीच्या शब्दावर उभा होता म्हणून मला एवढंच दिसलं होतं.

युक्तिवाद म्हणजे काय, हेही मला पद्धतीशास्त्राच्या नोट्सपेक्षा त्या निवेदनाने जास्त शिकवलं. सुरुवातीलाच ते सांगतात, माझा शिक्षणातला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या विधानाला कुंपण घातलं, आणि आपण पाच मुलाखतींवर 'महाराष्ट्रातील स्त्रियांची' स्थिती लिहितो! मग ते समोरच्याचं म्हणणं घेतात: वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल. ते म्हणणं कशाच्या आधारावर आहे, असं विचारतात. त्यानंतर स्वतःचा पुरावा आणि शेवटी मागणी. 'असूड'च्या उपोद्घातातली 'विद्येविना मती गेली' ही साखळी पाहा. ती वाचताना मन हलतं, ते तिच्या लयीमुळे. पण प्रत्येक कडी हे एक स्वतंत्र विधान आहे आणि त्याचा पुरावा पुढे पुस्तकात द्यावा लागतो, तो ते देतात. आपण फक्त साखळी उचलतो, तीही फलकावरून, पृष्ठक्रमांकाशिवाय.

तुमच्या मसुद्यात 'अनन्यसाधारण महत्त्व' शोधा आणि काढा. अनन्यसाधारण म्हणजे दुसऱ्या कुणाशी तुलना केली, आणि ती तुम्ही केलेली नसते. 'यावरून सिद्ध होते' हेही तपासा. बहुतेक ठिकाणी 'यावरून दिसते' किंवा 'असे सूचित होते' एवढाच तुमचा हक्क असतो. 'तत्रैव' (म्हणजे 'आधीच्या तळटीपेतल्याच ग्रंथात') शेवटच्या मसुद्यापर्यंत लिहू नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. संदर्भ साठवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, पण त्यात भरलेलं पुस्तक आणि वाचलेलं पुस्तक यांना वेगळे टॅग लावा.

गाइडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. 'छान झालंय' म्हणणारे गाइड धीर देतात, तो हवाच असतो. पण तुम्हाला वाचवतो तो 'हे कुठून घेतलंस?' असं दर पानावर विचारणारा माणूस. तो गाइडच असला पाहिजे असं नाही. माझ्यासाठी ते काम एका ज्येष्ठ ग्रंथपालताईंनी केलं. संदर्भसूची समोर ठेवून त्या म्हणाल्या, "यातली कोणती पुस्तकं तू हातात धरलीस, त्यांवर खूण कर." एकशे बारापैकी एकोणसत्तरांवर मी खूण करू शकले.

उरलेल्या त्रेचाळीसांसाठी मला चार महिने लागले. काही ग्रंथ मिळाले, काहींना 'उद्धृत' लागलं, अकरा मी काढून टाकले. त्या अकरांवाचून प्रबंधातलं एकही वाक्य बदलावं लागलं नाही.