व्यवसायवाचक जर्मन आडनावाचा माग कसा काढावा
कळव्याला सीमेन्स या जर्मन कंपनीचा कारखाना असल्याने जर्मन आडनावे ठाणेकरांना अगदीच अपरिचित नसतात. उदाहरणादाखल वाग्नर घ्यावे. प्रथम त्यामागचा व्यवसाय पाहावा: वाग्नर म्हणजे गाड्या व चाके घडवणारा कारागीर. त्यानंतर त्याच व्यवसायाची इतर प्रांतांतील नावे शोधावीत, आणि खरी गंमत इथेच आहे. मध्य व दक्षिण जर्मनीत ज्याला वाग्नर म्हणत, त्याला वायव्येकडे राडमाखर आणि ईशान्येकडे श्टेलमाखर म्हणत. बाराव्या शतकापासून शहरांतून आडनावे वंशपरंपरागत होऊ लागली तेव्हा ही प्रादेशिक नावेच कायम झाली, त्यामुळे आडनावावरून पूर्वजांचा मुलूख अंदाजाने ओळखता येतो. कुंभाराचेही तसेच: पूर्वेकडे ट्योप्फर, दक्षिणेकडे हाफनर.

आजचा प्रसार पाहण्यासाठी जर्मनीतील माइन्झ शहराच्या विज्ञान व साहित्य अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश इंटरनेटवर विनामूल्य उघडावा. त्यात व्युत्पत्तीबरोबर नकाशाही मिळतो. मात्र त्यातील आकडे 2005 सालच्या दूरध्वनी जोडण्यांचे आहेत, ते माणसांची संख्या म्हणून वाचू नयेत.

शोधताना रोमन अक्षरे तपासावीत, कारण देवनागरीत एकच दिसणारे श्मिट, म्हणजे लोहार, मूळ लिपीत डी-टी किंवा दुहेरी टी असे वेगवेगळे लिहिले जाते आणि दोन्हींचे नकाशे निराळे निघतात. आडनाव जुळले म्हणून नाते जोडू नये; आज जर्मनीत सर्वाधिक आढळणारे म्युलर हे आडनाव गावोगावच्या पिठाच्या गिरणीवाल्यांना स्वतंत्रपणे मिळालेले आहे.