विमानात मोबाइल, पॉवर बँक नेताना या चुका टाळा

दिवाळी आटोपली की नागपूरहून पुण्या-बंगळुरूकडे परतणाऱ्यांची विमानं खच्चून भरतात. वरच्या कप्प्यांत जागा उरत नाही, मग कर्मचारी दाराशीच काही केबिन बॅगा खाली सामानकक्षात टाकायला मागून घेतात. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. घरून पॉवर बँक आठवणीनं हातातल्या बॅगेत ठेवलेली असते, पण घाईत ती बॅगच खाली जाते.

संत्र्यांची पेटी खुशाल चेक-इनला द्या, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र कधीच नाही. त्यांतली लिथियम बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून ती थंड करतात. सामानकक्षात उडत्या विमानातून कुणी पोचू शकत नाही, आणि तिथला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो. बॅटरीची उष्णता त्यानं थांबत नाही. म्हणून पॉवर बँक छोट्या वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे बॅग देताना पटकन काढता येते. विमानात ती वरच्या कप्प्यात कोंबू नका, जवळच असू द्या.

पॉवर बँकेची मर्यादा १०० वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात साठणाऱ्या ऊर्जेची. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. गणित सोपं: तिच्यावर लिहिलेल्या एमएएचच्या आकड्याला १००० नं भागा, ३.७ नं गुणा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, चालेल. सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या, आकडे पुसलेल्या पॉवर बँकेसाठी सुरक्षा तपासणीत हुज्जत घालू नका. फुगलेली तर घरीच ठेवा.

फोन सीटच्या फटीत पडला? सीट मागे-पुढे करू नका. यंत्रणेत चेपला की तो पेटू शकतो. कर्मचाऱ्याला बोलवा.

फ्लाइट मोडची मुभा विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएनं २०१४ मध्ये दिली, त्यामुळे फोन बंदच करावा लागत नाही. पण नेटवर्क सुरू राहिलं तर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये खरखर येऊ शकते. लॅपटॉप मात्र उड्डाण-लँडिंगला आत ठेवा. धक्का बसला तर तो उडून कुणाच्याही डोक्यात बसेल. आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर चाकं टेकायच्या आधीच "पोचलो" म्हणून फोन लावणाऱ्यांनो, घरचे थांबतात हो पाच मिनिटं.