जुन्या फार्महाऊसचं वायरिंग: रंगकामाआधी दोष कसा शोधावा

पुण्याजवळच्या पानशेत, मुळशी, वेल्हे या बाजूची जुनी छोटी फार्महाऊस दुरुस्तीला काढली की प्लास्टर, फरशी आणि रंगाचा हिशेब आधी मांडला जातो. वायरिंग मात्र 'चालू आहे ना' म्हणून तसंच राहतं. दिवा लागतो एवढ्यावरून वायर चांगली ठरत नाही. वायरवरचं रबर किंवा पीव्हीसी कडक होऊन तडकलेलं असतं, उंदरांनी कुरतडलेलं असतं, आणि लाकडी पट्टीखाली ते दिसत नाही. त्यामुळे एकेक सर्किट, म्हणजे एका फ्यूजवर चालणारे दिवे-सॉकेट, सुटं करून मोजावं लागतं. शक्य असेल तर हे मोजमाप पावसाळ्यात करा. मे महिन्यात कोरड्या भिंतीत उत्तम रीडिंग देणारी वायर आषाढात भिंत भिजली की लीकेज, म्हणजे भिंतीत झिरपणारा करंट, दाखवते.

आधी वीज खरंच बंद करा

मेन स्विच पाडा आणि किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, हाताने उपसता येणारा) काढून स्वतःजवळ ठेवा, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवा; मेन पाडूनही बोर्डात करंट राहण्याचं ते नेहमीचं कारण आहे. मेन पाडला तरी मीटरकडून येणारी वायर आणि स्विचची वरची टर्मिनलं जिवंतच असतात. त्यांना हात लावू नका. मीटर आणि त्याचं सील महावितरणच्या अखत्यारीत येतं.

नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय याची खात्री करा, मग मेन पाडून त्याच सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं घ्या. (फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल परत नेणारी, अर्थ जमिनीला जोडलेली.) एकेक फ्यूज लावून, तेवढ्यापुरता मेन चालू करून, कोणत्या फ्यूजवर कोणते पॉइंट आहेत हेही कागदावर उतरवा. पुढचं सगळं काम या कागदावर चालतं.

लक्षणं ओळखा

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि उपकरण मात्र चालत नाही: न्यूट्रल मागे कुठेतरी तुटली आहे. पुढे चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज परत न्यूट्रलच्या वायरवर येते. जुन्या मेनमध्ये न्यूट्रललाही वेगळा फ्यूज असतो. तो उडाला की घर अंधारात, पण वायर जिवंत, अशी सगळ्यात धोक्याची अवस्था होते. हा फ्यूज काढून डबल पोल एमसीबी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या.

स्विच बंद करूनही एलईडी बल्ब रात्री मंद जळत राहतो: स्विच न्यूट्रलवर असण्याची शक्यता मोठी. (इंडिकेटर असलेल्या स्विचमुळेही असं होतं.) न्यूट्रलवर स्विच असेल तर तो बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असते आणि बल्ब बदलताना शॉक बसतो.

तुटलेल्या वायरवर मल्टिमीटर ६० ते १०० व्होल्ट दाखवतो: शेजारच्या वायरमुळे येणारं हे फसवं रीडिंग आहे. साधा पिवळा बल्ब लावला की ते शून्यावर येतं.

फ्यूज कधीच उडत नाही, पण बोर्ड गरम होतो: किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार बांधलेली असेल. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असेल तर तिथेही हेच होतं, कारण जोड ऑक्साइडने खराब होऊन सैल पडतो.

मेगरने मोजमाप

ओहम मोजताना मल्टिमीटर काही व्होल्टच वापरतो, त्यामुळे इन्सुलेशनची, म्हणजे वायरवरच्या आवरणाची, कमजोरी त्याला कळत नाही. इथे ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लागतो. वायरमनकडे तो असतो. नसेल तर ज्याच्याकडे आहे असा वायरमन शोधा.

मेन बंद ठेवून सर्किटचा फ्यूज काढा आणि न्यूट्रलही लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात ती पट्टी) सोडवा. ती जोडलेली राहिली तर रीडिंग चुकतं, कारण न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. सगळे बल्ब काढा, प्लग उपसा, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी ड्रायव्हर सुटे करा, नाहीतर ५०० व्होल्टने तेच जळतील. स्विच सगळे चालू ठेवा. आता फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा, मग फेज ते न्यूट्रल मोजा. दोन्ही वेळा निदान १ मेगओहम हवं. त्याहून कमी आलं तर सर्किट मधल्या जंक्शन बॉक्सपाशी तोडून दोन्ही भाग वेगळे मोजा. ज्या भागात कमी, तो पुन्हा निम्मा करा. शेवटी दोष बहुधा एका ओल्या बॉक्समध्ये, बाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा टेप गुंडाळलेल्या जोडात सापडतो. मोजून झालं की टर्मिनल लगेच हाताळू नका. वायरमध्ये उरलेला चार्ज आधी उतरू द्या.

एकाच ठिकाणी दोष असेल तर तेवढाच तुकडा बदला. पण वायर वाकवल्यावर आवरण भुरभुरत असेल, किंवा तीन सर्किटांपैकी दोन नापास झाली, तर डागडुजी करू नका, पूर्ण वायरिंग काढा. प्लास्टर तसंही फोडणारच आहात.

नवीन टाकताना

लाइट-पंख्यांसाठी १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअर एमसीबी, १६ अँपिअर सॉकेटला २.५ चौरस मिमी आणि १६ अँपिअर एमसीबी, गिझर किंवा एसीला ४ चौरस मिमी आणि २० अँपिअर एमसीबी. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. आयएसआय चिन्ह आणि कॉइलवरची लांबी पाहूनच घ्या.

मुरुमाच्या जमिनीत अर्थिंगसाठी २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप, आजूबाजूला कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला वर फनेल ठेवा. नळाच्या पाइपवर अर्थिंग घेऊ नका, मध्ये एक पीव्हीसी तुकडा आला की ते संपतं. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून वेळ मारून नेणं तर जीवघेणं आहे: न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच) लावल्यावर तो लगेच पडला, तर तो खराब आहे असं समजून काढून टाकू नका. बहुतेक वेळा एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्यात घुसलेली असते. सगळ्या न्यूट्रल सुट्या करून एकेक परत लावा. जिच्यापाशी पडतो, तिथे शोधा. हे जोडकाम आणि शेवटची टेस्ट परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा.